राउटरचं बटण

घराबाहेर पडायचं तर घरातलं एकूण एक बटण बंद, हा बाबांचा खाक्या. फ्रिजला तेवढी सूट होती. कोपऱ्यावरून ब्रेड आणायचा असला तरी आधी राउटर बंद, मग पायात चपला. सांगून कोण ऐकतंय!

धाकटी यापायी मेटाकुटीला आली होती. थोरली नोकरीसाठी दूर गेली, तेव्हा जाण्यावरूनच तिची आणि बाबांची जुंपली आणि बोलणं बंद झालं. फोनवर थोरलीचं नाव दिसलं की बाबा मुकाट्याने तो धाकटीच्या हातात देत. दोघी बहिणींनी एका खेळात ठोकळ्यांचं गाव उभं केलं होतं, ते घरच्या कॉम्प्युटरवर होतं. ताईला लांबून तिथे येता यावं म्हणून धाकटीने राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून एक पोर्ट, म्हणजे आत यायचं दारच, उघडून दिलं. गेल्या रविवारी ताई आलीही. आज मात्र तिला काही केल्या शिरता येईना.

"बाबा, सकाळी राउटर बंद केलात?"

"केला. घरात कोणी नाही, मग तो कोणासाठी जागा?"

"झालं! अहो, तो पुन्हा चालू झाला की घरातल्या सगळ्या यंत्रांना नव्याने नंबर वाटतो. ते दार कॉम्प्युटरच्या नंबरावर उघडत होतं. तो नंबर आता टीव्हीला गेलाय. ताई मघापासून टीव्हीला हाका मारतेय!"

बाबांना हसू फुटलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. पोर दारात उभी आणि घराला पत्ताच नाही.

"मग नंबर कायमचा करून टाक की."

"तेच करतेय. हा आता कॉम्प्युटरच्याच नावावर राहील. पण तुम्ही राउटर बंद ठेवलात तर ती येऊच शकणार नाही, एवढं ध्यानात ठेवा."

बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. थोड्या वेळाने पडद्यावरच्या गावाच्या वेशीतून लाल टोपीचं एक बुटकं माणूस आत आलं आणि खाली ताईची अक्षरं उमटली, "आले बाई एकदाची! बाबांनी बटण बंद केलं होतं ना?"

ते माणूस तुरुतुरु एका घरात शिरलं. आत खिडकीपाशी एक खुर्ची होती.

"ही कोणाची?" बाबांनी विचारलं.

"तुमची. ताईने केली, गेल्या रविवारी."

बाबांनी चष्मा पुसला. कीबोर्ड पुढे ओढला आणि एका बोटाने अक्षरं शोधत शोधत लिहिलं, "हो. मीच केलं होतं. आता नाही करणार."

लाल टोपी जागच्या जागी थांबली.

मग टेबलावरचा बाबांचा फोन वाजला. थोरलीचं नाव होतं. धाकटीने सवयीने हात पुढे केला.

बाबांनी फोन तिला दिला नाही. "बोल गं," ते म्हणाले.