चित्राबाहेरची माणसं

वाचनालयाच्या माडीवर भागोजी मास्तरांनी रीळ मागे फिरवलं आणि तोच प्रसंग तिसऱ्यांदा लावला. पडद्यावर एक तरुण रशियन बाई कारखान्यातल्या म्हाताऱ्या मुकादमाशी बोलत होती. वर्ग तिच्यामागून वाक्यं म्हणत होता. झुबेदा मात्र गप्प होती.

"मास्तर, मघाशी मैत्रिणीला ही 'ति', म्हणजे तू, म्हणाली. आता 'वी' का म्हणते?"

"'वी' म्हणजे तुम्ही सगळे. पुष्कळ माणसं असली की."

"पण समोर एकटाच आहे."

"चित्राबाहेर असतील आणखी," मास्तर म्हणाले आणि त्यांनी खिडक्या उघडायला सांगितल्या.

मास्तरांची रशियन बसऱ्याची. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या लष्करी गोदामात कारकून असताना रशियन ट्रकवाल्यांकडून उचललेली. त्या पोरांनी त्यांना 'ति'खेरीज कधी हाक मारली नव्हती. मुंबईच्या एका मंडळाकडून बोटीने रिळं मागवायची आणि सिनेमातल्या माणसांबरोबर मुलांना बोलायला लावायचं, ही युक्ती त्यांचीच. साऱ्या रत्नागिरीत तिचं कौतुक होतं.

घरी जाऊन त्यांनी जुनं व्याकरण उघडलं. वडीलधाऱ्या, परक्या माणसाला, तो एकटा असला तरी, 'वी'च म्हणतात, आपल्या 'तुम्ही'सारखं. मास्तरांनी पुस्तक मिटलं. पुढच्या रविवारी सांगू, असं ठरवलं. त्या रविवारी वाचनालयाचे चिटणीस वर्ग बघायला येऊन बसले, म्हणून राहिलं. त्याच्या पुढच्या रविवारी सांगायचं, तर इतके दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं.

अशात झुबेदाला मुंबईहून मुलाखतीचं बोलावणं आलं. रशियनांच्या मदतीने उभ्या राहणाऱ्या पोलादाच्या नव्या कारखान्यासाठी दुभाषे हवे होते. मास्तर तिला पोचवायला बंदरावर गेले. तिचे वडील, जयगडचे वजीर तांडेल, सामान चढवत होते. बोट सुटायला अर्धा तास होता. मास्तरांनी भाकरी बांधून घेतलीस ना, एवढंच विचारलं.

आठवड्याने ती वाचनालयात आली, तेव्हा मास्तर रीळ डब्यात ठेवत होते.

"नाही घेतलंन मला," ती म्हणाली. "रशियन साहेब बाबांच्या वयाचा होता. मी त्याला सारखं तू, तू करत होते. त्याच्या शेजारची बाई हसू दाबत होती. मग तिनेच समजावलंन."

मास्तरांनी डब्याचं झाकण खाली ठेवलं.

"साहेबाने विचारलंन, कुणी शिकवलं? मी म्हटलं, कुणी नाही. सिनेमे बघून माझी मी शिकले. तुमचं नाव कसं घेणार तिथे? पण खोटं बोलले, ते मनाला लागून राहिलंय. बाबांनाही सांगितलं नाही मी."

मास्तर बाकावर बसले.

"झुबेदा, मला ठाऊक होतं. तू विचारलंस, त्याच दिवशी घरी जाऊन मी पुस्तकात पाहिलं."

"म्हणजे मी मुंबईला जायच्या आधी?"

"महिनाभर आधी."

तिने ओढणी सारखी केली आणि दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"मग मी खोटं बोलले नाही," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.