जाड कातड्याचा चिको

मित्रांनो, मोन्तेविदेओ शहराच्या पालेर्मो वस्तीत, एका अंगणात, कुंड्यांच्या रांगेत उभा असलेला मी एक जुना ढोल आहे. माझ्या डोक्यावरही एक कुंडी ठेवली आहे, म्हणून पटकन ओळखू येत नाही इतकंच.

बाल्दोमेरोमामांनी मला लाकडी पिंपाच्या फळ्या जोडून घडवलं आणि वर वासराचं पातळ कातडं ताणलं. मी चिको, ताफ्यातला सगळ्यात लहान ढोल. माझा ठेका चुकला की अख्खी मिरवणूक लंगडते. पातळ कातडं दमट हवेने सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी रस्त्यात शेकोटी पेटवून मला शेकावं लागे. मामा मला हळूहळू फिरवत, टिचकी मारत आणि कान देऊन ऐकत. चाळीस वर्षांत त्यांनी मला आगीपाशी एकटं सोडलं नव्हतं.

मला वाजवायची त्यांची भाची रोसाल्बा. फेब्रुवारीच्या मिरवणुकीत पहिल्या रांगेत वाजवायचं, एवढाच तिचा ध्यास होता. पण मामांच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की आवरत नसे.

"हात आहे की भिजलेला पाव?" ते चारचौघांत ओरडत. "तुझ्यापेक्षा माझी कोंबडी बरा ठेका धरते!"

सगळे हसत. रोसाल्बाही हसे. घरी जाताना मात्र ती मला छातीशी धरून रडे, ते मला एकट्याला ठाऊक.

मिरवणुकीआधीच्या रविवारी तिचा हात सोलवटला आणि ठेका चुकला. मामांनी मला तिच्या खांद्यावरून ओढून शेकोटीपाशी नेलं. तोंड चालूच होतं.

"पुरे ना, मामा. जिव्हारी लागतं हो," ती पहिल्यांदाच म्हणाली.

"लगेच मनाला लावून घेतेस? जरा गेंड्याची कातडी कर, पोरी! आम्ही काय कमी ऐकलं?"

ती निघून गेली. मामा ओरडत तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेले. मी आगीपाशीच राहिलो, जास्त तापलो आणि टर्रकन फाटलो.

मग मामांनी माझ्यावर बैलाचं जाड कातडं चढवलं. "आता फाटायची भीती नाही," ते म्हणाले. खरंच, मी पुन्हा फाटलो नाही. पण वाजलोही नाही. तासभर शेकलं तरी नुसतं ठप्प. मिरवणूक रोसाल्बाशिवाय आणि माझ्याशिवाय गेली.

दोन वर्षांनी ती भेटायला आली. मामांनी मान खाली घातली.

"त्या दिवशी मी फार बोललो गं, पोरी. परत ये. नवं पातळ कातडं चढवतो."

"बोलला होतात का? असेल. आता मला काही लागत नाही, मामा."

तिने कुंडी उचलून मला एक टिचकी मारली. ठप्प. कुंडी तिने पुन्हा जागेवर ठेवली. मामा रडू लागले. ती शांतपणे माते नावाचा कडवट चहा पीत बसली.

मित्रांनो, कुणाला जाड कातडी करायला सांगण्याआधी एकदा या अंगणात या. कुंडी बाजूला करा आणि मला वाजवून बघा.