गिधाडाची सहाशे तेरावी हार

गिधाड आजवर सहाशे बारा वेळा हरला होता आणि त्यातली एकही हार वाया गेली नव्हती. हरावं तर त्यानेच. बाकीचे हरताना पोतं टाकल्यासारखे पडतात. गिधाड आधी एका गुडघ्यावर यायचा, मग हात पसरून हवेत कुणी आधार देतंय का ते बघायचा, आणि कुणी देत नाही अशी खात्री पटल्यावरच सावकाश मागे कोसळायचा. बाराव्या रांगेतल्या कारकुनालासुद्धा वाटायचं, हा आपल्यामुळेच पडला. मग तो घरी जाऊन दोन दिवस बायकोशी मान ताठ ठेवून बोलायचा.

ज्याच्याकडून गिधाड हरायचा तो राजहंस. पांढरी चड्डी, पांढरे बूट, चापून बसवलेले केस आणि छाती अशी की वर कपबशी ठेवावी. गिधाडाचे पंख मात्र घरगुती होते. बायकोने सात जुन्या छत्र्या उसवून, काड्यांसकट शिवलेले. ते फाडकन उघडून तो रिंगणात शिरला की लहान मुलं रडायची आणि पुढच्या रांगेतले म्हातारे समाधानाने माना डोलवायचे.

ही कुस्ती कोणत्या प्रकारची ते आधीच सांगून टाकलेलं बरं. निकाल ठरलेला असायचा, मार खरा असायचा. फळ्यांवर पाठ आपटलेल्या माणसाला, निकाल आधी ठरला होता म्हणून, काही कमी लागत नाही. दोन्ही खांदे टेकले, पंचाने तीनपर्यंत मोजलं, की खेळ खलास. तोवरच्या वीस मिनिटांत समोरच्याला जिवंत ठेवणं ही खरी विद्या. फेकणाऱ्यापेक्षा फेकला जाणारा मोठा, असं गिधाड म्हणायचा. अर्थात फेकला तोच जायचा.

या धंद्याचा एक कडक नियम होता. वैऱ्यांनी रिंगणाबाहेर एकत्र दिसायचं नाही. म्हणून चांगल्या लोकांची गाडी वेगळी आणि वाईट लोकांची वेगळी. वाईट लोकांच्या गाडीत कवटी, कसाई आणि दोघे सैतान बंधू गुण्यागोविंदाने नांदायचे, डबे वाटून खायचे, ज्याला गाडी लागते त्याला खिडकी द्यायचे. चांगल्या लोकांच्या गाडीत खिडकीवरून रोज हमरीतुमरी.

त्यामुळे गिधाड आणि राजहंसाची बावीस वर्षांची जिवाभावाची मैत्री अख्खी रिंगणातच झाली, आणि तीही बहुतेक एकमेकांच्या काखेत डोकं घालून. काखेत डोकं असलं की तोंड दिसत नाही, मग कुजबुजता येतं. सुरुवातीला पुढचा डाव कोणता एवढंच बोलायचे. हळूहळू घरचं निघायला लागलं. राजहंसाचे वडील गेल्याचं गिधाडाला कळलं, तेव्हा राजहंसाचा पाय त्याच्या मानेवर होता. राजहंसाच्या मुलीचं नाव ठरवताना तर मानेची पकड सात मिनिटं सुटली नाही, कारण दोघांचं एकमत होईना. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, "इतकी चिवट झुंज या शहराने पाहिली नव्हती."

आणि शेवटी मोजणी सुरू झाली की वरचा खालच्याचं मनगट दोनदा दाबायचा. लागलं नाही ना? खालचा एकदा दाबायचा. नाही. बावीस वर्षांत यात खंड पडला नव्हता.

या वैरावर मनापासून श्रद्धा असलेली बाई गिधाडाच्या घरातच राहत होती. सासूबाई. पहिली रांग, तिसरी खुर्ची, आणि कायम राजहंसाच्या बाजूने. "हाण त्याला! घरीसुद्धा असाच आहे!" असं त्या ओरडायच्या. हे साफ खोटं होतं. घरी तो भाजी निवडायचा. खेळ रंगात आला की सासूबाई डाव्या पायातली चप्पल काढून जावयाला मारायच्या, आणि नेम असा की बावीस वर्षांत दुसऱ्या कुणाला लागली नाही. गिधाड ती चप्पल पंखात गुंडाळून घरी आणायचा. सकाळी ती दाराशी जोडीने असायची. या विषयावर त्या घरात कधी कुणी चकार शब्द काढला नाही.

मग गुडघा गेला.

तसा तो नऊ वर्षांपूर्वीच गेला होता. राजहंस दोरावर चढला होता आणि दोराचा हूक निसटला. तो डोक्यावर येत होता, थेट लाकडी कडेवर. गिधाडाने काही विचार केला नाही, आपला गुडघा मध्ये घातला. राजहंसाचं डोकं वाचलं, गुडघ्याने 'कट' असा आवाज केला, आणि लोकांनी मात्र पडणाऱ्याला गुडघा मारला म्हणून गिधाडावर बाटल्या फेकल्या. सासूबाई तीन आठवडे त्याच्याशी बोलल्या नाहीत. खुलासा करणं धंद्यात बसत नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरांनी परवा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारलं, "हा तुमचाच ना?"

"हो."

"बरं. कुस्ती बंद."

"एक जाहीर झालीये डॉक्टर. रविवारची."

"मग ती हळू करा," डॉक्टर म्हणाले. त्यांच्याकडे रविवारची दोन तिकिटं होती.

गिधाड मालकांकडे गेला. मालक तेव्हा एकाच तारखेला दोन ठिकाणी लावलेल्या खेळाची भानगड फोनवर निस्तरत होते. मालकांना 'नाही' म्हणता येत नसे. जन्मात म्हणाले नव्हते, त्यामुळे असल्या भानगडी त्यांच्या पाचवीला पुजलेल्या.

"मालक, एकच मागणं आहे. शेवटची कुस्ती मला नीट हरू द्या. घाईघाईत नको. पूर्ण वीस मिनिटं, मग गुडघ्यावर, मग हात, मग मागे."

"हो हो, अगदी," मालक म्हणाले.

मागणं वाटतं तितकं साधं नव्हतं. जाणाऱ्याने हरून जायचं, हा धंद्यातला सगळ्यात जुना कायदा. जाणारा जिंकून गेला तर मागे राहिलेला जन्मभर हरलेलाच राहतो, कारण डाग पुसायला समोर परत येणार कोण? राजहंसाची अजून पाच-सहा वर्षं होती. त्याच्या नावावर लोक तिकीट काढत. बावीस वर्षं एकेक हार घालून गिधाडाने हा राजहंस उभा केला होता. तो धडधाकट सोडून जायचा, एवढंच त्याला हवं होतं.

रविवारी दुपारी हॉल खचाखच भरला. पत्र्याच्या छपराखाली लोक भज्यांसारखे तळून निघत होते. गिधाड वाईट लोकांना कपडे बदलायला दिलेल्या रंगाच्या डब्यांच्या खोलीतून निघाला, राजहंस समोरच्या दाराने आला, पंच मधून आला. पंच म्हणजे मालकांचा मेहुणा. मोजायचा सावकाश, पण न चुकता.

घंटा झाली. गिधाडाने पंख फडफडवून काढले, धावत जाऊन राजहंसाला एक नुसती चापट मारली, आणि राजहंस आडवा झाला.

गिधाड बघतच राहिला. हॉलही बघत राहिला. राजहंस हात-पाय पसरून, डोळे मिटून, चित्रातल्यासारखा पडला होता. हरण्याची समज त्याला मुळीच नव्हती.

गिधाडाने त्याला केसांना धरून उठवलं आणि डोकं काखेत घेतलं.

"चक्कर आली का रे?"

"नाही. मी हरतोय."

"काय?"

"आज मी हरणार. मालक हो म्हणालेत."

"मलापण हो म्हणालेत!"

मग दोघांच्याही तोंडून मालकांसाठी एकच शब्द निघाला. तो इथे देता येत नाही.

"हे बघ," राजहंस म्हणाला, "सहाशे बारा वेळा तुझ्या छातीवर बसलो. एकदा तरी मला खाली घे. त्या गुडघ्याचं मी काय करू? रात्री आठवतो मला."

"माझा गुडघा तुला का आठवतो? बायको-पोरं आठव. मी उद्या नाहीये. आज हरलास तर जन्माचा हरलास. कळतंय का, शहाण्या?"

"कळतंय. पड तू."

"मी पडणारच आहे! तू उभा राहा!"

"नाही राहणार."

आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांमध्ये खरी कुस्ती सुरू झाली.

राजहंसाने गिधाडाला कमरेला धरून आपल्यावर ओढलं. गिधाडाने कोलांटी घेऊन त्याला आपल्यावर ओढलं. दोघं दळणाच्या जात्यासारखे गरगर फिरले, आणि जो वर यायचा तो घाबरून खाली जायचा. राजहंसाने स्वतःलाच दोरांवर आदळून घेतलं. गिधाडाने, डाव कुठलाही नसताना, कोपऱ्यातल्या खांबाला डोकं दिलं. "हा काय डाव?" असं कुणी विचारलं नाही, कारण दोघांच्या चेहऱ्यावर आज खरा घाम आणि खरा राग होता, आणि ते हॉलला लगेच कळलं. बाराव्या रांगेतला कारकून खुर्चीवर उभा राहिला. हाडांचे डॉक्टर डोळ्यांवर हात ठेवून, बोटांच्या फटीतून बघत होते.

पंचाची तर पाचावर धारण बसली. मालकांनी त्याला कोण हरणार हे दोनदा सांगितलं होतं, दोन वेगवेगळी नावं.

अठराव्या मिनिटाला गिधाडाचा गुडघा वळला आणि तो तोंडावर पडला, नेमका राजहंसाच्या छातीवर. राजहंसाला हेच हवं होतं. त्याने दोन्ही हातांनी गिधाडाला मिठीत आवळलं आणि आपले खांदे फळ्यांना चिकटवून घेतले.

"सोड!"

"मोज रे, पंच!"

"एक," पंच म्हणाला.

गिधाडाने धडपड केली. गुडघा जागचा हलेना.

"दोन..."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून, तिसऱ्या खुर्चीवरून, चप्पल आली आणि फाटकन पंचाच्या कानशिलात बसली. पंच मोजायचं विसरला. बावीस वर्षांत नेम पहिल्यांदा चुकला होता.

एवढी सवड गिधाडाला पुरली. उमेदीत, पंख शिवण्याच्या आधी, तो खरी कुस्ती शिकला होता. मातीतली, जिथे निकाल कुणाला विचारून लागत नाही. ती त्याने कधी वापरली नव्हती, दुसऱ्याला लागेल म्हणून. आता त्याने राजहंसाच्या काखेखालून हात घातला, मनगट पिळलं, चांगला पाय त्याच्या पायात अडकवला आणि शंभर किलोचा तो पांढराशुभ्र ऐवज उलथवून आपल्या छातीवर घेतला. मग वरून कुलूप लावलं. राजहंसाने उठायला जिवाच्या आकांताने जोर लावला. मुंगीएवढाही हलला नाही. जगात आजवर लोकांनी प्रतिस्पर्ध्याला खाली दाबून धरलं होतं. वर दाबून धरणारा हा पहिलाच.

"एवढी ताकद होती तुझ्यात?" राजहंस धापा टाकत म्हणाला. त्याच्या आवाजात राग उरला नव्हता. "इतकी वर्षं?"

"गप पड. खांदे बघ माझे, टेकलेत का नीट?"

"टेकलेत." राजहंसाने डोकं त्याच्या खांद्यावर टाकलं. "तुझ्यासारखा पैलवान नाही रे पाहिला."

"एक," पंच कान चोळत म्हणाला. "दोन."

राजहंसाने मनगट दोनदा दाबलं. गिधाडाने एकदा दाबलं, आणि हेही खोटं होतं, कारण गुडघ्यातून जाळ निघत होता.

"तीन."

हॉल उठून उभा राहिला. शिट्ट्या, टाळ्या, आणि कुठल्यातरी कोपऱ्यातून पहिल्यांदाच "गिधाड! गिधाड!" असा पुकारा. राजहंस रडत होता. पेपराने दुसऱ्या दिवशी त्याला आनंदाश्रू म्हटलं. गिधाडाला फक्त एकच रुखरुख लागली. गुडघा, हात, मग मागे, हे राहूनच गेलं.

घरी सासूबाई एक चप्पल घालून बसल्या होत्या. गिधाडाने दुसरी पंखातून काढून त्यांच्यासमोर ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने विचारलं, "आई, आज पंचाला कशी लागली?"

"लागली नाही. मारली," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? बावीस वर्षं अख्ख्या बाजारात सांगत आले, आमच्या जावयासारखं हरणारं माणूस कुठे मिळायचं नाही. आणि तुम्ही शेवटच्या दिवशी जिंकायला निघालात. मी उद्या भाजीवालीला काय तोंड दाखवलं असतं?" त्यांनी चप्पल पायात सरकवली. "गुडघा शेका आता. आणि त्याला एकदा घरी बोलवा. किती वाळलाय बिचारा."

गुरुवारी गिधाड डॉक्टरांच्या बाकावर पाय लांब करून बसला होता. दार ढकलून राजहंस आत आला आणि इकडे-तिकडे बघत, पहिल्यांदाच उघड्यावर, त्याच्या शेजारी बसला. कंपाउंडर धावत आला, दोघांच्या मध्ये अंग घुसवून स्वतःच बसला आणि म्हणाला, "इथे नको हं. इथे आजारी माणसं आहेत."

दोघांनी एकमेकांकडे जमेल तेवढ्या रागाने पाहिलं. मग राजहंसाने कंपाउंडरच्या पाठीमागून हात घातला, चाचपत मनगट शोधलं आणि दोनदा दाबलं.

या वेळी गिधाडाने एकदाही दाबलं नाही. "दुखतंय रे," तो सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणाला.

"बरं झालं," कंपाउंडर म्हणाला.