कडूबा भगताचा ठसा

देवीच्या पारावर त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. कडेवर पोर, हातात नारळ आणि ओच्यात शेरभर ज्वारी घेऊन सगळं गाव रांगेत उभं! समोर कडूबा भगत घुमत होता. पोर पुढे आलं की बाभळीचा काटा करवंटीतल्या काळ्या काजळात बुडवायचा, पोराच्या दंडावर टोचायचा आणि आरोळी ठोकायचा, "सरकारची सुई ताप देते, आईची सुई ठसा देते! तिसऱ्या रोजी फोड, पंधराव्या रोजी वण, सोळाव्या रोजी दूध चालू!"

आणि खरंच, तिसऱ्या दिवशी टम्म फोड यायचा. पुढे खपली धरून वण पडायचा, हुबेहूब देवी काढल्यासारखा, म्हणजे देवीच्या रोगाची सरकारी लस टोचल्यासारखा.

दुधाची भानगड अशी. बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. हुकूम आला होता की ज्या पोराच्या दंडावर देवी काढल्याचा वण असेल, त्यालाच, मग ते शाळेत जाणारं असो वा त्याहून लहान, शाळेत पावडरचं दूध द्यायचं. वण तपासून पेले भरायचं काम माझं, गावच्या मास्तराचं. दूध सगळ्यांना हवं होतं, टोचणी मात्र कोणालाच नको. टोचलं की पोर दोन दिवस तापानं फणफणतं, आईचं निंदण बुडतं, वर देवी कोपेल ही धास्ती. "सरकार फुकटात दूध काऊन देऊन राह्यलं? कायतरी गोम हाये," असं पंजाबराव पाटलांसारखा जाणता माणूसही चावडीवर म्हणायचा. कडूबानं सगळ्यांचीच सोय केली. मी तर वण दिसला की कोणी टोचलं हे न विचारता पेला भरायचो, आणि गाव सुधारलं म्हणून मिशीतल्या मिशीत हसायचो. असा मी हुशार!

मग पलीकडच्या वस्तीवर देवी निघाल्या. माझ्या शेजारणीचं, पुष्पाबाईचं माहेर तिथंच. तिचा भाऊ देवीनं अंथरुणावर पडला होता, भावजय ओली बाळंतीण. पुष्पाबाईनं बुधवारची बैलगाडी ठरवली. तीन वर्षांची शारदी बरोबर.

"शारदीला इथं ठेवा हो," मी म्हणालो.

"काऊन? ठसा हाये न् तिले! तुम्हीच तं रोज पाह्यता."

शनिवारी मी विहिरीवर पाणी भरायला गेलो, तर पुष्पाबाई शारदीचा झगा दगडावर आपटत होती. "रिठा झाला, सोडा झाला, बाहीतला हा डाग मेला हालतच नाही!"

गावची सुईण मंजुळाबाई शेजारी बसली होती. तिनं बाही हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि खदखदून हसली. "अवं, हा तं बिब्बा हाये! कापड फाटंन, पण डाग नाही जायाचा. परीट काय उगाच बिब्ब्यानं खुणा करते?"

"आईच्या काजळाले बिब्बा म्हनता? तोंड धुवा आधी!" पुष्पाबाई झगा पिळून तरातरा निघून गेली.

माझं मात्र डोकं चाललं. बिब्बा अंगावर उततो, फोड येतो, वण राहतो. घरोघरी बाळंतिणीसाठी बिब्बे ठेवलेले, पण कडूबाच्या करवंटीत कोणी नाक घातलं नव्हतं! मी मंजुळाबाईकडून एक बिब्बा मागून घेतला आणि काट्यानं स्वतःच्या दंडावर टोचला. अशी आग झाली की मला माझेच पाढे आठवेनात.

मंगळवारी मी रांगेत उभा राहिलो. नंबर आल्यावर बाही वर केली. "कडूबा, हा ठसा कोणाचा?"

कडूबानं क्षणभर डोळे मिचकावले. "आईचाच! पाहा बाप्पाहो, गुरुजीसारख्या नास्तिकावरही आईनं किरपा केली!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. लेकाचा हजरजबाबी!

"कृपा नव्हे, बिब्बा," मी म्हणालो. "मंजुळाबाईच्या डब्यातला. शनिवारी मीच टोचून घेतला."

कडूबा करवंटी मागे सरकवू लागला, पण मंजुळाबाईनं झडप घालून ती उचलली. "आईचं काजळ हाये न्? मंग आन तुहा हात, तुलेही लावून पाहू!" आणि तिनं त्याची बाही खसकन वर ओढली.

दंडावर सरकारी टोचणीचे दोन जुने वण, चांगले ठसठशीत.

"हे... हे माह्या बापानं लहानपनी..."

"असं व्हय? आन् पोळ्याच्या आधी तुह्या दोन्ही पोट्ट्यायच्या देवी बुलढान्याहून काढून आनल्या, त्या कोणं? एकाले तं मीच कडेवर घेतलं होतं!"

"अहो मंजुळाबाई, मग इतके दिवस बोलला का नाहीत?" मी ओरडलो.

"मले कोणं इचारलं?"

पार हसून लोटपोट झाला. पंजाबराव तेवढे गंभीर. "पन गुरुजी, वन तं वनच न्? दिसाले सारखा. बिघडलं काय?"

"पाटील, बुजगावण्याला तुमचा सदरा घातला म्हणून ते पेरणी करतं का? टोचणीत लस असते. रोगाशी कसं झुंजायचं ते ती शरीराला शिकवते. वण म्हणजे तिच्या मागे राहिलेली खूण. कडूबानं नुसती खूण केली. आत काहीच गेलं नाही."

"मंग माह्या शारदीच्या दंडात काय हाये?"

पुष्पाबाईचा आवाज ऐकून सगळ्यांचं हसू विरलं.

"काही नाही, पुष्पाबाई. बिब्बा उतल्याचा वण आहे नुसता."

ती कडूबावर धावून जाईल असं मला वाटलं. ती माझ्याकडे वळली. "आन् तुम्ही रोज पाहून दूध देलं! उद्या मी तिले देवी निघालेल्या घरात घेऊन जाणार होती, गुरुजी!"

मी मान खाली घातली. मला भयंकर लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

त्याच दुपारी तिनं गाडी जुंपायला लावली, पण बुलढाण्याच्या दवाखान्याकडे. तिच्या मागे आणखी अकरा गाड्या निघाल्या. भावाकडे मंजुळाबाई गेली; तिला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, पुन्हा व्हायची भीती नव्हती. शारदी दोन दिवस तापली आणि पुष्पाबाईनं माझं दार दर तासाला ठोठावलं. "ताप आला गुरुजी!" "येऊ द्या!" "फोड आला!" "उत्तम!" तिच्या शिव्या मी आनंदानं खाल्ल्या.

मायबापहो, दंडावरची खूण पाहून समाधान मानू नका. आत काय गेलं ते विचारा. मास्तराला विचारा, सरकारलाही विचारा. आणि भगतावरच भरवसा ठेवायचा असेल, तर तो तुमच्या पोरांसाठी काय सांगतो ते ऐकू नका. स्वतःच्या पोरांना तो कुठं नेतो, ते पाहा.