महाराजपुरकडचा बाण

विनीताने थर्मामीटरच्या चित्रातला लाल रंग आणखी वर चढवला आणि स्क्रीन संपादक दुबेजींकडे वळवली.

"थोड़ा और डरावना," ते म्हणाले. "देखते ही पसीना छूटना चाहिए."

आकडा बेचाळीसचा होता आणि पारा पन्नाशीला टेकलेला दिसत होता. जबलपूरच्या बातम्या देणाऱ्या या वेबसाइटवर नकाशे आणि तक्ते काढायला ती आली, तेव्हा चित्र पाहून माणसाला गोष्ट समजावी, एवढंच तिला हवं होतं. इथे समजण्याची कोणाला घाई नव्हती, सगळ्यांना दचकवायचं होतं. तिने पारा आणखी चढवला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"वो एक्सीडेंट वाला चित्र आपने बनाया है न? नीचे नाम है, विनीता ढोमणे." बाईचा आवाज क्षणभर थांबला. "मराठी आहात ना?"

"हो. बोला."

"मी पुष्पा. त्या अपघातात गेलेल्या मोटरसायकलवाल्याची बायको."

विनीताला चित्र आठवलं. सिहोऱ्याकडून येणारा सरळ हायवे, त्यावर ट्रक, बाजूने महाराजपुरच्या वसाहतीतला रस्ता आणि त्या रस्त्याने हायवेवर शिरणारा मोटरसायकलचा बाण.

"हे सिहोऱ्याच्या मंडीतून घरी येत होते. रोजचा सरळ रस्ता. आम्ही दीक्षितपुऱ्यात राहतो, ते महाराजपुरात कशाला जातील? तुम्ही त्यांना गल्लीतून घुसताना काहून दाखवलं? पोराला शाळेत विचारून राहिले, तुझा बाप न बघता घुसला का म्हणून."

बातमीदाराने फोनवर नुसतं 'साइड से निकला' म्हटलं होतं आणि त्यावर तिने घाईघाईत बाण ओढला होता. ती उठून दुबेजींच्या टेबलाशी गेली.

"पुरानी ख़बर है," ते म्हणाले. "अब कौन देखता है?"

"उनका बेटा देखता है."

"सबूत है कुछ? बिना सबूत सुधार डालेंगे तो पूरी ख़बर पर सवाल उठेगा."

"लाती हूँ सबूत," ती म्हणाली. आवाज ठरवल्यापेक्षा बराच चढला होता.

अपघात झाला त्या चौकात एक पेट्रोल पंप होता आणि पंपाचा कॅमेरा रस्त्यावर रोखलेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी मॅनेजरच्या केबिनमध्ये बसल्या. पुष्पाने कडक इस्त्रीची फिकट साडी नेसली होती, एखाद्या सरकारी ऑफिसात यावं तशी.

"तुम्हीच ऐकलं बघा," ती म्हणाली. "दीर म्हणतात, जाऊ द्या आता. पण खोटं कसं राहू द्यायचं?"

"नाही राहणार," विनीता म्हणाली. "आज संध्याकाळपर्यंत बाण बदलते."

मॅनेजरने रेकॉर्डिंग लावलं. सिहोऱ्याकडून एक बस आली, मागून दोन ट्रॅक्टर गेले. पुष्पा पुढे वाकली आणि तिने स्क्रीनच्या त्या कडेवर बोट ठेवलं.

"इकडून येतील."

मोटरसायकल बाजूच्या रस्त्याने आली.

पुष्पाने बोट उचललं नाही. हायवेच्या तोंडाशी तिच्या नवऱ्याने, तुळशीरामने, गाडी थांबवली, एक पाय जमिनीवर टेकला, मान मागे वळवली आणि कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या कोणाला तरी हात केला. मॅनेजरने चित्र तिथेच थांबवलं. पुढचं कोणाला बघायचं नव्हतं.

विनीताचा कालपासूनचा संताप, दुबेजींना ऐकवायची वाक्यं, सगळं वाया गेलं. इतक्या महिन्यांत तिचं एक चित्र तंतोतंत बरोबर निघालं होतं.

"कॅमेरा लांब आहे, ताई," ती म्हणाली. "दुसरंही कोणी असेल."

"शर्ट मी घेतलेला हाये." पुष्पा मॅनेजरकडे वळली. "पीछे लीजिए."

हात पुन्हा वर झाला. दोनदा हलला.

"आत जा, म्हणून सांगून राहिले," पुष्पा म्हणाली. "दारात उभं राहिलेलं त्यांना चालत नाही. मला पण असंच करतात, गाडीवर बसल्यावर."

मॅनेजरने स्क्रीन बंद केली.

बाहेर ऊन डोळ्यांवर येत होतं. पुष्पाने पदर डोक्यावरून घेतला.

"मी ते चित्र काढूनच टाकते, ताई. आजच. दुबेजींना काय म्हणायचं ते म्हणू देत."

"काहून? त्यात चूक कुठं हाये?"

विनीताने हात करून ऑटो थांबवली, पुष्पाला आत बसवलं आणि ऑटोवाल्याला सांगितलं, "दीक्षितपुरा, भैया."

ऑटो हायवेच्या कडेपर्यंत जाऊन थांबली. पुष्पा पुढे वाकून ऑटोवाल्याशी काहीतरी बोलली. त्याने मागे पाहिलं, मान हलवली आणि ऑटो वळवून महाराजपुरच्या रस्त्याला घातली.