भरलेले गाल

…हातमोज्यावरचा औषधाचा थेंब काही केल्या ओघळत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी बोट तिरकं केलं, उलटं केलं, तरी तो आपला चिकटून, काचेसारखा, गप्प. "बघा, हा असा धरून राहतो, म्हणून गालाच्या हाडावर उभारी येते," त्या म्हणाल्या, आणि तिनं शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान हलवली. शेंबूड आहे गं नुसता, ताई म्हणाली असती. पण ताई असती तर इथपर्यंत यायची वेळच आली नसती, हेही खरंच.

गालात टोचायचं हे औषध विरघळणारं. वर्षभर, फार तर थोडं जास्त टिकतं, नाही आवडलं तर दुसरी सुई देऊन उतरवता येतं. दुसरं निराळं—ते शरीराकडूनच भर घालून घेतं, सावकाश. जास्त टिकतं, पण एकदा दिलं की मागे घेता येत नाही. "दोन्ही चांगली आहेत. तुम्हाला परतीची वाट हवी की नको, एवढंच ठरवा," म्हणत डॉक्टरीणबाई हात धुवायला वळल्या. एवढंच म्हणे!

हौस म्हणाल तर तिला कसलीच नव्हती. चाळिशी उलटलेल्या बाईचे गाल उतरायचेच, त्यात कसलं आलंय नवल… पण तिचे उतरले ते नेमके ताईसारखे. ताईला जाऊन वर्ष होत आलं, आणि रोज दात घासताना समोर ताईचा आजारातला चेहरा उगवायला लागला—हाडं एकाच साच्यातली, मांस झडलं की तोच खड्डा, तीच सावली. मावशी तर दारातच मटकन बसली होती, "अगं बाई, मला वाटलं तीच आली!" आणि आई… आई बघेनाशीच झाली. वाढताना ताटाकडे बघते, बोलताना खिडकीकडे, चहाचा कप देते तोही नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे टाकून. घरात माणसं दोनच, आणि त्यातलं एक दुसऱ्याकडे बघत नाही—काळीज कुरतडतं हो. आईनं एकदा, एकदाच, पूर्वीसारखं डोळे भरून बघावं, एवढ्यासाठी ही सुई.

आणि गाल भरणं तिला काय नवीन होतं? सगळा जन्म कवळ्या करण्यात गेलेला. दात गेलेल्या माणसाचे गाल आत जातात, म्हणून मेणाच्या नमुन्यालाच बाहेरच्या अंगाला थोडी जास्तीची भर द्यायची, तोंडात बसवून बघायची, खरवडायची, पुन्हा बसवायची. म्हातारी माणसं आरशात बघून चक्क लाजायची. ताईनं हे पाहिलेलं. "मलाही घाल की भर," म्हणाली, त्या खोल गेलेल्या गालांनी हसत. "आई यायचीय. हे असलं तोंड बघितलं तर वहिनीच्या बाळंतपणाला जायचीच नाही ती." मग तिनं ताईसाठी गालांच्या आत बसणाऱ्या गाद्या केल्या—कवळीच्या हिरड्यांचं असतं तेच गुलाबी प्लॅस्टिक, दोन बाजूंना दोन, वरच्या दाढांना तारेनं अडकवायच्या. झकास बसल्या. ताई जरा बोबडी बोलायला लागली, तेवढंच. दोघी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की ताईला धाप लागली.

आई आली, लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "बाई गं, चांगलं बाळसं धरलंयस की!" आणि निर्धास्त होऊन लेकाकडे गेली, लांब, नातवाला मांडीवर घेऊन बसली. "आत्ताच नको कळवूस," ताई म्हणत राहिली, आणि ती ऐकत राहिली… ऐकता ऐकता कळवण्यासारखं काही उरलंच नाही. आई पोचली तेव्हा गाद्या कपाटात होत्या. आईनं पांघरूण बाजूला केलं, बराच वेळ बघितलं, आणि विचारलं, "हिचे गाल कुठे गेले गं?"

तिनं उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही. ती रडली—रडायला निमित्त होतंच, आणि रडणाऱ्या माणसाला कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

"जरा हसा बघू." डॉक्टरीणबाईंनी पांढऱ्या पेन्सिलीनं गालांवर खुणा केल्या, मग दोन्ही हातांच्या बोटांनी कातडी हलकेच वर उचलून धरली. "आरसा घ्या. साधारण असं दिसेल." तिनं आरसा घेतला. आपला जुना चेहरा दिसेल, असं धरून चालली होती ती… आरशात ताई होती. आजारातली नव्हे, गाद्या बसवल्या त्या दुपारची. डावा गाल किंचित जास्त भरलेला, कारण घाईत तेवढी बाजू घासायची राहून गेली होती. तसंच ते हसू, आतून कुणीतरी ढकलून धरलेलं. तिच्याच हातचं काम, ती ओळखणार नाही तर कोण?

म्हणजे दोनच तोंडं होती तर. एक आईला बघवत नव्हतं, दुसऱ्यानं आईला फसवलं होतं. आणि आपलं स्वतःचं? ते कधी होतं, कसं होतं… काही केल्या आठवेना.

"हात लावला तर कळतं का?" तिनं विचारलं.

"सुरुवातीला थोडं. मग तुम्हालासुद्धा विसर पडेल बघा," डॉक्टरीणबाई कौतुकानं म्हणाल्या. "मग कुठलं ठरलं?"

"उद्या सांगते," ती म्हणाली, आणि पर्स विसरून जिन्यापर्यंत गेली.

घरी आई पाठमोरी उभी राहून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "आलीस? गरम करून घे," खिडकीला सांगावं तसं म्हणाली. रोजचंच. रोज ती निमूट आत जायची. आज मात्र तोंडून निघून गेलं, "आई, अगं, इकडे बघ ना."

आईचे हात थांबले.

आणि तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं… आई बघत नाही म्हणून इतके दिवस जीव तुटत होता, खोटं नव्हतं ते. पण आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. न बघणारी आई ताईच्या गालांचं पुन्हा विचारत नव्हती. भरलेल्या गालांकडे आईनं डोळे भरून बघितलं असतं, सुखावली असती, आणि मग विचारायचं कायमचंच राहून गेलं असतं. सुई त्यासाठी हवी होती की काय? छे! छे कसलं… हो. त्यासाठीच.

नको बघूस, असं ओरडावंसं वाटलं तिला, पण बोलावलं तर तिनंच होतं. आई वळत होती, हातातली साडी अर्धवट दुमडलेली, सावकाश, म्हातारं माणूस वळतं तशी. आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा आईची भीती वाटली.