पट्ट्यातले ठोके

पोटातल्या बाळाचे ठोके ऐकणाऱ्या नव्या पट्ट्याच्या संशोधनात माझ्या नातीने, रम्याने, नाव दिलं होतं. तिरुवैयारूहून बसने आम्ही तंजावूरच्या दवाखान्यात गेलो. पट्टा तिच्या पोटावर बांधला, तर यंत्रातून नुसता खडखडाट!

रम्या रडवेली झाली. "आजी, बाळ बरं आहे ना?"

"बांगड्या वाजतायत," डॉक्टरअम्मा म्हणाल्या. "काढा."

सातव्या महिन्यात भरलेल्या काचेच्या बांगड्या आमच्यात बाळंतपणाआधी काढत नाहीत. मी पदरानेच तिचे दोन्ही हात घट्ट गुंडाळले.

"चोराला बांधतात तसं काय गं?"

"गप्प! हलू नको."

आणि ठोके आले, भराभर, घोडा दौडावा तसे! स्क्रीनवर एकशे बेचाळीस उमटलं, ते मीच आधी मोठ्याने वाचलं.

"अगदी छान!" डॉक्टरअम्मा ओरडल्या.

रम्या रडत हसली. "आजी, किती धावतंय गं!"